नऊ नंबरची किंमत

३१ जानेवारी २०११. इंग्लिश फुटबॉलची हिवाळी ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, त्या रात्री बंद होणार होती आणि त्या एका दिवसात तीन स्ट्रायकरांचे करार झाले. स्ट्रायकर म्हणजे गोल करण्यासाठी सर्वांत पुढे खेळणारा; त्याच्या जर्सीवर बहुधा नऊ आकडा असतो, म्हणून त्याला ‘नऊ नंबर’ म्हणतात. फर्नांडो टोरेस लिव्हरपूल सोडून चेल्सीला गेला, ५ कोटी पौंडांना. तोवर कुठल्याही ब्रिटिश क्लबने एका खेळाडूसाठी इतके पैसे मोजले नव्हते. तो पैसा हातात पडताच लिव्हरपूलने न्यूकॅसलकडून अँडी कॅरोल घेतला, साडेतीन कोटींना. त्याच दिवशी नेदरलँड्सच्या आयाक्सकडून लुईस सुआरेझही आला, २ कोटी २८ लाखांना.

चेल्सीसाठी टोरेसचा पहिला गोल व्हायला २३ एप्रिल उजाडला. तिथल्या सगळ्या मुक्कामात लीगच्या ११० सामन्यांत त्याने २० गोल केले. कॅरोलने लिव्हरपूलसाठी लीगच्या ४४ सामन्यांत ६. आणि तिघांत स्वस्तात पडलेल्या सुआरेझने २०१३-१४ मध्ये ३३ सामन्यांत ३१ गोल मारले, त्यात एकही पेनल्टी नव्हती. पुढे तो खरेदीच्या सुमारे तिप्पट किमतीला बार्सिलोनाला गेला.

हा दिवस आठवला की अनेक जण म्हणतात, स्ट्रायकर विकत घेणं म्हणजे लॉटरीच. मला हे पटत नाही. नशिबाचा वाटा असतोच, पण या तिन्ही करारांत आधी दिसू शकतील अशा गोष्टी होत्या. टोरेसच्या गुडघ्यावर २०१० मध्ये दोनदा शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्याचा सगळा खेळ पहिल्या पाच पावलांच्या वेगावर उभा होता. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, प्रीमियर लीगमध्ये, कॅरोल नियमितपणे जेमतेम अर्धा हंगामच खेळला होता, आणि करार झाला तेव्हा मांडीच्या दुखापतीमुळे तो मैदानाबाहेर होता. सुआरेझ मात्र चेंडू नसतानाही बचावपटूंना एका जागी उभं राहू देत नव्हता. सही करून दोन दिवस होत नाहीत तोच, स्टोकविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने गोल केला.

नव्या स्ट्रायकरवर भरमसाट पैसा ओतावा का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘कधीकधी, हो’ असं आहे. पण त्या ‘कधीकधी’च्या अटी फार नेमक्या आहेत आणि बहुतेक क्लब त्या तपासतच नाहीत. ते विचारतात, ‘हा आपल्याला वीस गोल देईल का?’ पहिली चूक इथेच होते.

समजा दिले वीस गोल. पण त्याच्या जागी तीच मिनिटं आधी जे कोणी खेळत होते, तेही काही रिकाम्या हाताने परतत नव्हते. त्यांचे बारा असतील, तर नव्याने आणलेले गोल आठ. त्यातही हा आल्यामुळे कडेने खेळणाऱ्या विंगरच्या वाट्याचे शॉट कमी झाले, पेनल्टी आता हा मारू लागला, तर आठाचे पाच व्हायला वेळ लागत नाही. मँचेस्टर सिटीने २०२१-२२ ची लीग नेमका असा स्ट्रायकर नसताना जिंकली. लीगमध्ये त्यांचे ९९ गोल झाले, आणि सर्वाधिक गोल होते केव्हिन डी ब्रुयनाचे, फक्त १५. पुढच्या मोसमात एर्लिंग हालांड आला, त्याने ३५ सामन्यांत ३६ गोल मारून लीगचा विक्रम मोडला. आणि सिटीचे एकूण गोल? ९४. गुण ९३ वरून ८९ वर आले.

बायर्न म्युनिकचे आकडे याहून बोलके आहेत. २०२१-२२ मध्ये रॉबर्ट लेवांडोवस्कीचे ३५, संघाचे ९७. तो गेला, २०२२-२३ मध्ये सगळ्यांत जास्त गोल सर्ज ग्नाब्रीचे, १४, आणि संघाचे ९२. मग सुमारे १० कोटी युरो मोजून हॅरी केनला आणलं. त्याने ३२ सामन्यांत ३६ गोल केले, म्हणजे जे मागितलं होतं त्याहून जास्तच दिलं. संघाचे गोल झाले ९४. स्वीकारलेले गोल मात्र ३८ वरून ४५ वर गेले आणि बायर्न तिसऱ्या क्रमांकावर राहिला.

हे वाचून ‘म्हणजे स्ट्रायकरची गरजच नाही’ असं कोणी म्हणेल, तर तेही चुकेल. क्रिस्तियानो रोनाल्डो २०१८ च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिद सोडून गेला, त्याच्या जागी त्याच्या तोडीचा कोणी आला नाही, आणि लीगमधले गोल ९४ वरून ६३ वर घसरले. त्या हंगामात प्रशिक्षकही दोनदा बदलले, त्यामुळे सगळं खापर एका जागेवर फोडता येणार नाही; पण ३१ गोलांची घसरण नुसत्या गोंधळाने होत नाही. सिटीमध्ये आणि बायर्नमध्ये गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये वेळेवर पोचणारे आणखी तीन-चार जण होते. माद्रिदमध्ये नव्हते. गोल करणारा गेला की त्याचे गोल वाटून घ्यायला मागे कोण आहे, यावर सगळं ठरतं. आणि क्लबला हे खरेदीच्या आधी, स्वतःच्याच संघाकडे बघून, समजू शकतं.

माद्रिदची गोष्ट इथे संपत नाही. २०१७-१८ मध्ये रोनाल्डोसह ९४ गोल करून ते ७६ गुणांवर तिसरे आले होते. २०१९-२० मध्ये त्यांनी अवघे ७० गोल केले, पण स्वीकारले फक्त २५, आणि ८७ गुणांनिशी लीग जिंकली. ३८ सामन्यांच्या लीगमध्ये मोटा हिशोब असा बसतो: हंगामभरात गोलफरक (मारलेले वजा स्वीकारलेले गोल) दीडाने सुधारला की एक गुण वाढतो. हा दीड गोल समोरच्या जाळ्यात मारलेला आहे की आपल्या जाळ्यात जाता जाता अडवलेला, याने गुणतक्त्याला काही फरक पडत नाही. बाजाराला मात्र पडतो. मारलेला गोल दिसतो, त्याचे व्हिडिओ फिरतात, जर्सी विकल्या जातात. अडवलेला गोल म्हणजे न घडलेली गोष्ट; तिची किंमत कमीच लागते.

म्हणून पहिला प्रश्न हा, की हेच पैसे मागे घातले तर काय मिळेल? लिव्हरपूलने जानेवारी २०१८ मध्ये व्हर्जिल व्हॅन डाइकसाठी साडेसात कोटी पौंड दिले आणि त्याच उन्हाळ्यात गोलरक्षक अ‍ॅलिसनसाठी साडेसहा कोटींच्या आसपास. २०१७-१८ मध्ये त्यांनी लीगमध्ये ३८ गोल स्वीकारले होते, पुढच्या हंगामात २२. मारलेले गोल ८४ वरून ८९, म्हणजे फार वाढले नाहीत. गुण ७५ वरून ९७. त्याआधी सुआरेझच्या त्या ३१ गोलांच्या हंगामात याच क्लबने १०१ गोल केले होते, ५० स्वीकारले होते, आणि विजेतेपद दोन गुणांनी हुकलं होतं. तेव्हा त्यांना आणखी एक स्ट्रायकर लागत नव्हता.

आता खुद्द स्ट्रायकरकडे येऊ. त्याच्याकडून आपण नेमकं काय विकत घेतो?

बहुतेकांचं उत्तर असतं, नेम. गोलरक्षकासमोर डोकं शांत ठेवून चेंडू कोपऱ्यात घालणारा पाय. नेमाचं मोल आहे, पण वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. आज प्रत्येक शॉटला ‘अपेक्षित गोल’ म्हणजे एक्सजीचा आकडा लावतात: त्या जागेवरून, त्या कोनातून मारलेल्या तशा हजारो शॉटपैकी किती आत गेले, यावरून तो ठरतो. पेनल्टीचा आकडा पाऊण गोलाच्या जरा वर असतो. बॉक्सबाहेर पंचवीस मीटरवरून मारलेल्या शॉटचा तीन-चार शतांश. सगळे शॉट एकत्र धरले तर दहात साधारण एक आत जातो. आता एखाद्याने हंगामात १४ अपेक्षित गोलांच्या संधींवर २२ मारले, तर वरचे ८ हे बहुतांशी त्या वर्षाचं फळ असतं. पुढच्या वर्षी तो १४-१५ वर येतो, आणि मधल्या उन्हाळ्यात त्याला विकत घेणारा क्लब २२ गोलांची किंमत मोजून बसलेला असतो. वर्षानुवर्षं अपेक्षेपेक्षा जास्त गोल करणारे असतात, केन त्यातलाच, पण ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एका हंगामाच्या नेमावर पैसे लावणं धोक्याचं असतं.

वर्षागणिक टिकते ती दुसरी गोष्ट. तिला मी हजेरी म्हणतो. चेंडू जिथे पडणार आहे तिथे, त्या क्षणी, हा माणूस असतो की नाही?

एक प्रसंग जवळून बघू. विंगर उजव्या बाजूने गोलरेषेपर्यंत पोचला आहे आणि चेंडू मागे, बॉक्सच्या मध्याकडे काढणार आहे. बचावपटू स्वतःच्या गोलकडे धावत येताहेत, त्यांची नजर चेंडूवर. स्ट्रायकर दूरच्या सेंटर-बॅकच्या, म्हणजे बचावफळीच्या मध्यावर खेळणाऱ्याच्या, पाठीमागच्या खांद्याला चिकटून आहे. म्हणजे चेंडू बघायचा तर हा दिसत नाही, आणि याला बघायचं तर चेंडू सुटतो. आता स्ट्रायकर गोलकडे दोन जोरकस पावलं टाकतो. सेंटर-बॅकला चाहूल लागते, तोही गोलकडे झुकतो. आणि स्ट्रायकर थांबतो. बस, इतकंच. बचावपटूचं वजन पुढे गेलेलं असतं, त्याला वळायला अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात पेनल्टी स्पॉटच्या आसपास दोन-तीन मीटरची मोकळी जागा तयार झालेली असते. चेंडू तिथेच येतो. पुढचं काम पायाच्या आतल्या बाजूने चेंडू ढकलण्याचं, ते बऱ्याच जणांना जमेल. हे सगळं दोन सेकंदांत उरकतं, आणि टीव्हीचा कॅमेरा त्या वेळी विंगरवर असतो.

म्हणून क्लबसाठी खेळाडू हेरणारे जाणते स्काउट मैदानाच्या कडेला न बसता वर, स्टँडच्या उंच ओळींत बसतात. चेंडूकडे न बघता एका माणसाकडे नव्वद मिनिटं बघत राहतात आणि वहीत दोनच रकाने भरतात: कितीदा योग्य जागी धावला, आणि त्यातल्या कितीदा चेंडू मिळाला. पहिला रकाना खेळाडूचा, दुसरा त्याच्या संघाचा. अठरा वेळा धावून तीनदाच चेंडू मिळणारा आणि हंगामात नऊच गोल असलेला स्ट्रायकर चांगल्या पुरवठ्याच्या संघात सोनं ठरू शकतो. रूड व्हॅन निस्टलरॉयचं उदाहरण आजही शिकवण्यासारखं आहे. मँचेस्टर युनायटेडसाठी २१९ सामन्यांत १५० गोल, जवळजवळ सगळे पेनल्टी बॉक्सच्या आतून. लांबून मारलेल्या देखण्या शॉटच्या फंदात तो पडलाच नाही.

हजेरीचा अर्थ गोलच असाही नाही. २०१८ च्या विश्वचषकात ऑलिव्हिए जिरू फ्रान्ससाठी सातही सामन्यांत खेळला आणि त्याचा एकही शॉट गोलच्या चौकटीत गेला नाही. फ्रान्स जगज्जेता झाला. सेंटर-बॅकना अंगावर घेऊन जिरू त्यांना हलू देत नव्हता, त्या जागेत ग्रिझमन आणि एम्बापे शिरत होते. दोघांनी प्रत्येकी चार गोल केले. जिरूला गोलांच्या रकान्यात शोधणाऱ्याला त्यातलं काहीच सापडणार नाही.

मग क्लबने करावं काय? मी म्हणेन, बाजारात पाऊल टाकण्याआधी स्वतःच्या मागच्या तीस सामन्यांचं चित्रण काढावं. तेही टीव्हीचं नको, सगळे बावीस जण दिसतात ते वरच्या कॅमेऱ्याचं हवं. आणि एकच गोष्ट मोजावी: गोलच्या दोन खांबांच्या रुंदीत, पेनल्टी स्पॉट आणि सहा यार्डांच्या चौकोनाच्या मधल्या पट्ट्यातून असे किती चेंडू आडवे गेले, ज्यांच्यापर्यंत आपला कोणीच पोचला नाही? एक माणूस हे काम आठवड्याभरात करू शकतो. सामन्यागणिक असे दोन-दोन चेंडू मोकळे जात असतील, तर हंगामात पाऊणशे होतात. त्यातल्या पाचव्या हिश्शावर जरी गोल झाला तरी पंधरा. अशा क्लबला स्ट्रायकर हवा आहे, आणि त्याच्यासाठी खिसा सैल करावा. पण असे चेंडू चार सामन्यांत एखादाच जात असेल, तर जगातला कोणताही नऊ नंबर तिथे उपाशी मरेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तिसरी शक्यताही असते, आणि तीच सगळ्यांत जास्त फसवते. चेंडू येताहेत, आपला स्ट्रायकर पोचतोही आहे, शॉट चांगल्या जागेवरून आहेत, पण गोल होत नाहीत. दहा सामन्यांत सात अपेक्षित, प्रत्यक्षात तीन. स्टेडियम चिडतं, वर्तमानपत्रं ‘स्ट्रायकर हवा’ असा मथळा देतात. खरं तर हीच वेळ थांबायची. संधी येत राहिल्या तर गोलही येतात. चुकणाऱ्या स्ट्रायकरपेक्षा संधीपर्यंत न पोचणारा जास्त काळजीचा.

पुरवठा जुळला नाही की काय होतं ते रोमेलु लुकाकूच्या बाबतीत दिसलं. इंटर मिलानमध्ये अंतोनियो कोंतेच्या संघात तो जोडीदारासह खेळायचा, पुढे मोकळं मैदान असायचं, चेंडू लवकर यायचा आणि तो वळून धावत सुटायचा. २०२०-२१ मध्ये लीगचे २४ गोल आणि विजेतेपद. चेल्सीने त्याला ९ कोटी ७५ लाख पौंडांना घेतलं. तिथे प्रतिस्पर्धी बॉक्ससमोर गर्दी करून उभे, चेंडू हळूहळू फिरत येणारा, आणि लुकाकू एकटा, गोलकडे पाठ करून. लीगचे ८ गोल. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पूर्ण नव्वद मिनिटांत त्याचा चेंडूला सातदा स्पर्श झाला, त्यातला एक सामना सुरू करतानाचा. पुढच्या उन्हाळ्यात तो उसना म्हणून परत इंटरला गेला. माणूस तोच, पाय तेच. त्याच्या खेळाला धावायला जागा लागते, आणि तीच या संघाच्या पद्धतीत नव्हती. हे करारावर सही होण्याआधी दोन्ही संघांचे पाच-पाच सामने शेजारी लावून बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

उलट बाजूने जेमी व्हार्डी. लेस्टरने २०१२ मध्ये लीगबाहेरच्या फ्लीटवूडकडून त्याला १० लाख पौंडांना घेतलं. २०१५-१६ मध्ये तो विजेत्या संघाचा २४ गोलांचा स्ट्रायकर होता, कारण चेंडू मिळताच तो बचावफळीच्या पाठीमागे टाकायचा, हाच त्या संघाचा खेळ होता आणि पाठीमागे धावणं हेच याचं काम.

काही वेळा क्लब उलटा रस्ता धरतो: आधी स्ट्रायकर, मग त्याला साजेसा पुरवठा. घोडा घेतला की खोगीर आलंच. कॅरोलच्या डोक्यावर चेंडू यावा म्हणून लिव्हरपूलने पुढच्या उन्हाळ्यात क्रॉस टाकणारे, म्हणजे कडेवरून बॉक्समध्ये चेंडू देणारे, घेतले. स्ट्युअर्ट डाउनिंगवर सुमारे दोन कोटी पौंड गेले. त्या हंगामात लीगच्या ३६ सामन्यांत डाउनिंगचा एकही गोल नाही आणि गोलसाठीचा एकही पास नाही. साडेतीन कोटींची चूक साडेपाच कोटींची झाली.

पैशाचं गणितही वर्तमानपत्रात छापलेल्या आकड्यावर संपत नाही. समजा किंमत ६ कोटी पौंड, करार पाच वर्षांचा, पगार आठवड्याला २ लाख. हिशोबाच्या वहीत किंमत पाच वर्षांवर वाटली जाते, वर्षाला १ कोटी २० लाख. पगार वर्षाला १ कोटी ४ लाख. एजंटला दहा टक्के धरले तर ६० लाख, म्हणजे वर्षाला १२ लाख. बेरीज वर्षाला २ कोटी ३६ लाख, पाच वर्षांत ११ कोटी ८० लाख. बोनस आणि पगारावरचे मालकाचे कर अजून धरलेच नाहीत. हा खेळाडू वर्षाला वीस गोल देतो असं मानलं तर एक गोल बारा लाखांच्या आत बसतो. पण वर सांगितल्याप्रमाणे खरे वाढलेले गोल आठच असतील, तर एकेक गोल साडेएकोणतीस लाखांना पडतो. निर्णय या दुसऱ्या आकड्यावर व्हायला हवा.

आणि फसलं तर? दोन वर्षांनी वहीत त्याची किंमत ३ कोटी ६० लाख उरलेली असते. बाजारात २ कोटीच आले, तर १ कोटी ६० लाखांचा तोटा त्याच वर्षी दाखवावा लागतो. बरेचदा २ कोटीही येत नाहीत, कारण आठवड्याला २ लाख देणारा दुसरा क्लबच सापडत नाही. मग अर्धा पगार आपण भरून त्याला उसना द्यायचा. ड्रेसिंग रूममध्येही लाट उठते. इतके दिवस सर्वाधिक पगार घेणारा मधल्या फळीचा खेळाडू आता नवीन करार मागतो, त्याच्यामागून आणखी दोघं.

मध्यंतरी काही क्लबांनी यावर उपाय म्हणून सात-आठ वर्षांचे करार केले, म्हणजे वर्षाचा वाटा लहान दिसतो. युरोपीय फुटबॉलची संघटना युएफाने २०२३ मध्ये आणि प्रीमियर लीगने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही वाटणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली. तोट्याच्या नियमांची धारही त्याच सुमारास दिसली. तीन वर्षांत जास्तीत जास्त साडेदहा कोटी पौंडांचा तोटा चालेल, या प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमाखाली २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे आधी १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, पुढे आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गेले. पाच-सहा गुण मिळवायला स्ट्रायकर घ्यायचा आणि त्याच्या खर्चापायी तितकेच गुण गमवायचे, हा धोका आता कागदावरचा राहिलेला नाही.

वय आणि शरीर यांच्याकडे तर डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. सामन्यांची संख्या बघू नये, मिनिटं बघावीत. मागच्या तीन हंगामांत लीगची किती टक्के मिनिटं खेळला? मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत किती वेळा उलटली? मायकेल ओवेनचा तो स्नायू १९९९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षीच फाटला होता. न्यूकॅसलने २००५ मध्ये त्याच्यासाठी सुमारे १ कोटी ७० लाख पौंड मोजले. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पावलाचं हाड मोडलं, पुढच्या विश्वचषकात गुडघ्याचा लिगामेंट गेला. चार वर्षांत ७९ सामने, ३० गोल, आणि शेवटी क्लब खालच्या श्रेणीत गेला तेव्हा तो करार संपवून फुकट निघून गेला. आंद्री शेवचेन्को चेल्सीला आला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता, ३ कोटींच्या आसपास किंमत. दोन हंगामांत लीगचे ९ गोल. केन मात्र तिशीत पोचून बायर्नला गेला आणि पहिल्याच वर्षी ३६ मारले. फरक खेळाच्या जातीचा आहे. ज्याचा खेळ वेगावर, त्याचं वय लवकर दिसतं. जो चालत चालत जागा शोधतो, त्याचं उशिरा.

कुठल्या लीगमधून येतो याची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त बाळगली जाते. नेदरलँड्समधून आलेल्या मातेया केझमनने पीएसव्हीसाठी एका हंगामात ३५ गोल केले होते, चेल्सीत लीगचे ४. अफोन्सो आल्व्हेसने हेरेनव्हीनसाठी ३४, आणि मिडल्सब्रोसाठी लीगच्या ४२ सामन्यांत १०. पण त्याच लीगमधून व्हॅन निस्टलरॉय आला, सुआरेझही तिथूनच. लीगचं नाव बघण्यापेक्षा गोल फोडून बघावेत. पेनल्टी वजा करा. स्कोअर ३-० झाल्यानंतरचे गोल वेगळे काढा. वरच्या पाच संघांविरुद्धचे वेगळे. मग प्रत्येक शॉटच्या वेळी सर्वांत जवळचा बचावपटू किती अंतरावर होता ते बघा. चौतिसातले पंधरा जर तीन मीटर मोकळ्या जागेतून मारलेले असतील, तर मोठ्या लीगमध्ये ती जागा मिळणार नाही.

जानेवारीत खरेदी शक्यतो टाळावी असं माझं ठाम मत आहे. विकणाऱ्या क्लबला बदली खेळाडू शोधायला वेळ नसतो म्हणून तो जास्तीचे पैसे मागतो. आलेल्या खेळाडूला संघाची पद्धत अंगवळणी पडायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि तोवर उरलेल्या सोळा-सतरा सामन्यांपैकी निम्मे उरकलेले असतात. घरचा स्ट्रायकर मोडून पडला आहे आणि बाकी कोणीच नाही, अशी वेळ आली तर गोष्ट वेगळी. तेव्हाही सहा महिने उसना घेता येतो का, ते आधी बघावं.

मग मोठा पैसा कधी लावावा? पट्ट्यातून मोकळे जाणारे चेंडू मोजून झाले आहेत आणि ते पुष्कळ आहेत. बचाव बरा आहे. खेळाडू बावीस ते सव्वीसचा आहे, म्हणजे तीन वर्षांनी विकला तरी बरे पैसे येतील. तिशीचा असेल तर वेगावर जगणारा नसावा. त्याच्या सध्याच्या संघात चेंडू ज्या प्रकारे येतो, साधारण तसाच आपल्याकडे येतो. आणि मुख्य म्हणजे तो आला नाही तर त्याची मिनिटं कोण खेळेल, त्याचं नाव आणि त्याचे संभाव्य गोल कागदावर लिहिलेले आहेत. एवढं जुळलं तर घासाघीस फार ताणू नये. हालांडला सोडवून नेण्याची रक्कम करारातच ६ कोटी युरो ठरलेली होती. सिटीचे लीगमधले गोल वाढले नाहीत, पण त्या वर्षी तीन करंडक मिळाले, त्यात पहिलीवहिली चॅम्पियन्स लीग. कारण बाद फेरीत, जिथे संधी मोजक्याच येतात, तिथे वेळेवर पोचणारा माणूस लागतो.

न्यूकॅसलने २०१९ मध्ये जोएलिंटनसाठी ४ कोटी पौंड दिले, नऊ नंबरची जर्सी दिली, आणि पहिल्या हंगामात लीगच्या ३८ सामन्यांत त्याचे गोल झाले दोन. २०२१ च्या शेवटाकडे नव्या प्रशिक्षकाने त्याला मधल्या फळीत नेलं आणि तिथे तो इंग्लंडमधल्या अव्वल खेळाडूंत गणला जाऊ लागला. चूक खेळाडू घेण्यात नव्हती, त्याला जागा कुठली दिली यात होती. २०२२ मध्ये त्याच क्लबने अलेक्झांडर इसाकसाठी सुमारे ६ कोटी मोजले. १६ मार्च २०२५ रोजी वेम्बलीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध दोघेही मैदानात होते. बावन्नावं मिनिट. डावीकडून लिव्हरामेंटोचा उंच क्रॉस दूरच्या खांबाकडे गेला. मर्फीने तो डोक्याने मागे, मध्याकडे पाडला. सगळे बचावपटू चेंडूच्या मागे वळत होते, आणि इसाक तिथे आधीच येऊन थांबला होता. एकाच स्पर्शात त्याने तो जाळ्यात घातला. २-१ ने सामना जिंकून न्यूकॅसलने १९५५ नंतरचा पहिला देशांतर्गत करंडक उचलला. साडेपाच महिन्यांनी इसाक साडेबारा कोटींना लिव्हरपूललाच गेला, आणि त्याच उन्हाळ्यात न्यूकॅसलला पुन्हा नऊ नंबर शोधायला बाजारात उतरावं लागलं.